एका पानाच्या अंतरावरची मोरी

आम्ही दोघं नवरा-बायको ओसरीवर चिंच फोडत बसलो होतो. मी वरवंट्याने ठेचायचो, ती चिंचोके काढायची. माझ्या हातून ठेचताना चिंच आणि चिंचोका एकजीव व्हायचा. त्यावरून ती बोलायची.

"लोखंड ठोकून राह्यले का? हळू मारा नं. चिंच हाय थे."

मी तीस वर्षं लोखंडच ठोकलं. रेल्वेत कीमन होतो. आमच्याकडे चावीवाला म्हणतात. रुळाला खालच्या आडव्या स्लीपरवर घट्ट धरून ठेवायला लोखंडाची चावी असते. गाडी गेली की ती हलते. कीमन रोज सकाळी आपल्या हद्दीतून पायी चालतो. सैल दिसेल ती चावी हातोड्याने ठोकतो. रूळ तडकला असेल तर लाल झेंडी लावतो आणि गाडी थांबवतो. एवढंच काम, पण एक दिवस सुटलं तर माणसं मरतात.

त्या दिवशी सकाळी इंजिनिअर मॅडम घरी येऊन गेल्या होत्या. चिंच फोडता फोडता मी तिला तेच सांगत होतो.

आमची लाईन आधी छोटी होती. अडीच फुटाची. इंग्रजाच्या काळात जंगलातलं सागवान आणि मूल-सावली या गावांकडचे तांदूळ बाहेर न्यायला टाकली, असं माझा बाप सांगायचा. तोही याच लाईनीवर रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये होता. गाडी इतकी हळू की चढणीवर माणसं उतरून तेंदूची फळं तोडायची आणि पळत जाऊन पुन्हा डब्यात चढायची. मग सरकारने मोठी लाईन केली. जुनाच बांध रुंद केला, उंच केला, वर मोठे रूळ टाकले. बांध म्हणजे रुळाखालची मातीची भिंत. शेताच्या कडेला धुरा असतो तसा, पण दोन माणसं उंच.

बांधाच्या एका बाजूचं पाणी दुसऱ्या बाजूला जायला खालून दगडी बोगदा असतो. त्याला मोरी म्हणतात. आमच्या गावाच्या हद्दीत अशा चार होत्या. बांध रुंद करताना ठेकेदाराने एकीच्या तोंडावर माती टाकली. मुद्दाम टाकली की चुकून, ते मला माहीत नाही. आधी इकडूनतिकडून पाणी झिरपायचं, कोणाला कळलं नाही. मग पुरतंच बंद झालं. मागची दोन वर्षं पावसाळ्यात बांधाला लागून तळं साचलं. बारा घरांच्या बांध्यांतले पऱ्हे सडले. बांधी म्हणजे धानाचं वावर आणि पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. एकदा सडले की त्या वर्षी धान नाही.

गावाने अर्ज केले. हापिसातून उत्तर आलं की यादीत तिथे मोरीच नाही. जुनी यादी कोणाला सापडेना. म्हणून मॅडम माझ्याकडे आल्या. वयाने माझ्या नातीएवढ्या, पण डोक्यावर पिवळी टोपी आणि हातात कागद.

"काका, जागा तुम्हाला आठवते?"

"एकशे बारा बाय तीन," मी म्हणालो. "झोपेतून उठवा, तरी सांगतो."

म्हणजे एकशे बारावा किलोमीटर आणि त्यातला तिसरा खांब. लाईनीवर प्रत्येक गोष्टीचा पत्ता असाच असतो. मॅडमने लिहून घेतलं. मला बरं वाटलं. रिटायर झाल्यावर कोणी पहिल्यांदा काही विचारलं होतं.

हे मी तिला सांगितलं, तर ती चिंचोका काढता काढता म्हणाली, "नंबर मले समजत नाई. पण मी तुमची भाकर घेऊन जात होती नं, तं गेटापाशी तोंडात पान टाको, अन् पान संपलं का मोरी येये. तसंच सांगाचं होतं त्याइले."

"रेल्वेले पान सांगू? येडी झाली का?"

"अन् तिथी सीताफळ असन आता. आपुनच बिया थुकल्या नाई का?"

"तीस वर्षं चावी मी ठोकली का तू?"

तिने पुढचा चिंचोका काढला. सुपात अर्धी चिंच राहिली होती. ऊन उतरलं, तिने त्यावर फडकं टाकलं आणि म्हणाली, "राहू द्या, उद्या करू."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती नळावर गुंड, म्हणजे घागर, भरत होती. भरता भरता खाली बसली. शेजारणीला वाटलं, ऊन लागलं असेल. मी पोहोचलो तेव्हा गुंड भरून वाहत होता आणि ती गेली होती. नळ बंद करायचं कोणाला सुचलं नाही. मी आधी नळ बंद केला. का केला, मला सांगता येत नाही.

नंतरच्या दिवसांची मला नीट संगती लागत नाही. पोरगी मंगला आली, तेरवी झाली, पोरगी गेली. सकाळी दोन कप चहा व्हायचा. दुसरा कप कोणाचा, ते मला चहा ओतल्यावर आठवायचं. चष्मा शोधायला मी तिला हाक मारायचो. सुपावरचं फडकं मी कोणाला काढू दिलं नाही. मंगला एकदा हात लावायला गेली, तर मी तिच्यावर ओरडलो. ती रडली. नंतर मला वाटलं, रडली ती दुसऱ्याच कशासाठी, पण विचारलं नाही.

रोहिण्या लागायच्या वेळी, मे संपता संपता, मॅडम पुन्हा आल्या. सोबत दहा माणसांची गँग, फावडी, घमेली.

"काका, मला ही माणसं दोनच दिवस मिळाली आहेत. परवा ती दुसऱ्या सेक्शनला जाणार. पाऊस यायच्या आत मोरीचं तोंड उघडलं तर यंदाचं धान वाचेल. येता ना?"

मी पायात चपला घातल्या. लाईनीवर बूट घालून जायचं असतं, हे मला तिथे गेल्यावर आठवलं.

खरं सांगतो, बांधाजवळ उभा राहिलो आणि मला काहीच ओळखू येईना. छोटी लाईन जंगलातून जायची. आता दोन्ही बाजूंची झाडं कापलेली. गेटाच्या, म्हणजे फाटकाच्या, जागी खालून जायचा रस्ता झालेला. गँगचे क्वार्टर पाडलेले. मोठी लाईन झाली तेव्हा माझे गुडघे गेले होते, म्हणून मला दुसऱ्या गावच्या गेटवर बसवलं होतं. नव्या लाईनीवर मी कधी चाललोच नव्हतो. हे मी मॅडमला सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही.

एकशे बाराचा दगड सापडला. तिथून जंगलाच्या अंगाला मोजत मी तिसऱ्या खांबाशी गेलो. "इथी," म्हटलं.

गँग खणायला लागली. बांधाच्या पायथ्यालाच खणायचं, वर हात लावायचा नाही, गाडी चालू आहे. मॅडमचं लक्ष त्याच्यावरच. गाव बघायला जमलं. दिवाकर सगळ्यांत पुढे. त्याची चार एकर बांधी बांधाला लागून आहे. दोन्ही वर्षं सगळ्यांत आधी त्याचेच पऱ्हे बुडाले होते. त्याची बायको कुसुम भाकरीचं गाठोडं घेऊन आली होती.

दुपारपर्यंत मुरूम निघाला. संध्याकाळपर्यंतही मुरूमच. एक जुना सागाचा स्लीपर निघाला. गँगवाले खूश झाले, मी नाही.

दुसऱ्या दिवशी डावीकडे वीस पावलं खणलं. मग उजवीकडे.

"काका, नक्की इथेच ना?"

"नक्की."

नक्की म्हणालो खरा, पण माझ्याच तोंडून दुसरं कोणी बोलल्यासारखं वाटलं. गावात माझ्या वयाचे दोघे अजून आहेत. एक म्हणाला मोरी पळसाजवळ होती, दुसरा म्हणाला नाल्याच्या वळणावर. पळस कापून झालेला आणि नाला सरकलेला.

दिवाकरने घमेलं आपटलं. "भाऊ, वाईट नका मानू. बाई गेल्यापासून तुमचं डोकं ठिकाणावर नाई. तुमच्या भरवशावर आमचं वर्ष जाऊन राह्यलं."

"तुह्या बापाले विचार, मी कोन होतो लाईनीवर," मी म्हणालो.

"बाप असता तं त्यालेच विचारलं असतं नं! तुमच्या पाया काऊन पडलो असतो?"

कुसुम म्हणाली, "अवो, गप बसा नं. बुढ्या माणसावर कायले वरडता?"

मी तिथून निघालो. राग कोणाचा आला ते समजेना. रुळाच्या कडेने जंगलाकडे चालत गेलो. बरंच गेल्यावर पुढचा किलोमीटरचा दगड आला. त्याच्यावर एकशे अकरा लिहिलेलं.

मी उभाच राहिलो. मागे वळून बघितलं, पुन्हा दगड बघितला. वाटलं, उलटा चाललो की काय? सूर्य बघितला, गावाचं देऊळ बघितलं. चाललो होतो जंगलाकडेच. माझ्या वेळी जंगलाकडे चाललं की आकडे वाढायचे. घरून निघालो की एकशे अकरा, मग बारा, मग तेरा. आता जंगलाकडे जाताना आकडा कमी झाला होता.

डोक्यात शिरायला वेळ लागला. शिरलं तेव्हा खाली बसलो.

छोटी लाईन होती तेव्हा किलोमीटर गावामागच्या टोकाच्या जंक्शनपासून मोजायचे. मोठी झाल्यावर जंगलापलीकडच्या टोकाच्या जंक्शनपासून मोजायला लागले. दुसऱ्या कोणत्याही गावात ही चूक झाली नसती. टोकाजवळच्या गावात जुना आकडा दहा, तर नवा दोनशेच्या वर. आंधळ्यालाही फरक दिसला असता. आमचं गाव लाईनीच्या बरोबर मधात. जुनाही एकशे बारा, नवाही एकशे बारा. पण दोन जागा.

मी परत जाऊन मॅडमला सांगितलं. वाटलं, रागावतील. त्या एकदम हसल्या. "काका, माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं. शिकले मी आहे." फोनवर त्यांनी आकडेमोड केली. जुनी मोजणी स्टेशनात नेमकी कुठून सुरू व्हायची, ते कोणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे जागा निघाली, पण फर्लांगभर लांबीची. या खड्ड्यांपासून अर्धा किलोमीटर मागे, गावाच्या अंगाला.

"एवढं खणायला आठवडा लागेल," मॅडम म्हणाल्या. "माझ्याकडे आजची दुपार आहे."

तेव्हा मला पान आठवलं.

आठवलं तेही धड नाही. ती पान म्हणाली होती की सुपारी? गेटापासून म्हणाली की घरापासून? तिचं बोलणं मी चिंच ठेचता ठेचता ऐकलं होतं, म्हणजे ऐकलंच नव्हतं. डोळे मिटून मी मनाने ओसरीवर गेलो. तिचा हात सुपात होता. "गेटापाशी तोंडात पान टाको." गेटच म्हणाली होती.

मी घरी गेलो. तिची चंची खुंटीवर होती. चंची म्हणजे पानसुपारीची पिशवी. त्यातलं पान वाळून कागद झालं होतं. सुपारी, चुना, अडकित्ता तसाच. दिवाकरच्या पोरीने ठेल्यावरून ताजं पान आणलं. जुन्या गेटाची जागा मला पक्की माहीत होती, तिथला चिंचेचा बुंधा अजून आहे. मी तिच्या अडकित्त्याने सुपारी कातरली, पान तोंडात टाकलं आणि निघालो.

गाव मागून. कोणीतरी म्हणालं, "रेल्वेचा नवा टेप पाहा लेको!" लोक हसले. मॅडम हसल्या नाहीत.

शंभर पावलं गेलो, दोनशे गेलो. पान तोंडात तसंच. माझ्या तोंडात दात चार. सुपारी या गालातून त्या गालात फिरत होती. असं करत मी नागपूरला पोहोचलो असतो.

मी थांबलो आणि थुंकलो. "कुसुम, इकडे ये वं."

"मी काऊन?"

"तुले दात हायेत. तू पान खातं. डोक्यावर भाकरीचं गाठोडं घेऊन रोज बांधीवर जातं. थे बी तशीच येये. मी चालून काई फायदा नाई. तू चाल."

ती दिवाकरकडे बघायला लागली. दिवाकर म्हणाला, "जाय, नाटकच सुरू हाय तं पुरं पाहू."

आम्ही पुन्हा बुंध्याशी गेलो. मी दुसरं पान लावून तिला दिलं. मंगलाची माय घ्यायची तेवढीच सुपारी, तेवढाच चुना. तेवढं मला माहीत होतं. तिने गाठोडं डोक्यावर घेतलं, पान तोंडात टाकलं.

"घाई करू नको. थुकू बी नको. थे गिळत होती."

"भाऊ, तुमच्यापाई आज मले चक्कर येईन," ती म्हणाली आणि निघाली.

मी मागून चाललो. बायका बोलत बोलत चालतात, पण ती गप्प चालली. पाठमोरी. गाठोड्यावर एक हात, दुसरा हलता. मी दोनदा तिच्या जवळ जाऊन पुन्हा मागे पडलो. कशासाठी ते विचारू नका.

मघाशी मी जिथे थुंकलो होतो, ती जागा मागे टाकून ती बरीच पुढे गेली. एका ठिकाणी थांबली. तोंड हलवून बघितलं. "संपलं."

समोर बेशरमीच्या झुडपांचं रान माजलेलं. मी आत शिरलो. आधी काही दिसेना. मग पाच-सात दांड्यांचं एक झाड दिसलं, उन्हाने अर्धं वाळलेलं, शेंड्याला नवी पानं. पान चुरगाळून वास घेतला. सीताफळ.

आजूबाजूला कुठे सीताफळ नाही. मोरीच्या तोंडाशी सावली असायची. मी खांद्यावरचा चाव्यांचा पट्टा उतरवून बसायचो, ती गाठोडं सोडायची. दिवाळीच्या आधीच्या दिवसांत ती ओटीत सीताफळं आणायची. कोणाच्या बिया लांब जातात, यावर आम्ही पैज लावायचो. एवढी वर्षं हे माझ्या डोक्यात होतं की नव्हतं, मला आजही सांगता येत नाही.

"इथी खणा," मी म्हणालो. या वेळी नक्की म्हणालो नाही.

कंबरेएवढं खणल्यावर फावडं दगडाला लागलं. घडीव दगड. माती काढली, तसा कमानीचा कोपरा दिसला. गँगचा मेट, म्हणजे त्यांचा मुकादम, हाताने माती पुसत होता. दगडावर आकडे कोरलेले निघाले. ११२/३.

दिवाकर आकडा वाचून माझ्याकडे बघत राहिला. नंबर माझा बरोबर होता. मी उभा चुकीच्या जागी होतो.

इकडून सरळ रेघ धरून मॅडमने बांधाच्या त्या बाजूची जागा दाखवली. ठेकेदाराची माती तिकडे पडली होती, इकडचं तोंड साचलेल्या गाळाने बुजलं होतं. अर्धी माणसं तिकडे, अर्धी इकडे. गावातले लोकही फावडी घेऊन उतरले. आतला गाळ चिकट, घमेलं उचलता उचलेना. दिवस मावळायच्या आधी कुसुम मोरीत तोंड घालून ओरडली, "ओ दिवाकर!" लग्नाला वीस वर्षं झाली, नवऱ्याला नावाने हाक पहिल्यांदाच मारली असेल. पलीकडून आवाज आला, "आलो वं, आलो!" आवाज बांधावरून नाही, मोरीतून आला. बायका हसून हसून खाली बसल्या.

गँग दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे गेली. राहिलेला गाळ गावाने काढला. पाऊस आला, पाणी आलं तसं गेलं. दिवाकरने रोवणा केला. रोवणा म्हणजे पऱ्हे उपटून बांधीत लावणं. मोरीचं नाव आता यादीत नव्या नंबराने चढलं आहे. जुना नंबरही सोबत लिहा, असं मी मॅडमला सांगितलं. कंसात लिहिला आहे म्हणाल्या.

यातून माझ्यासारख्या कमी शिकलेल्या माणसाला कळलं ते एवढं. नंबर सांगायचा असेल तर कोणत्या टोकाकडून मोजला ते आधी सांगा. आणि घरचं माणूस काही सांगत असेल तर हातातलं ठेचणं थांबवून ऐका. नंतर विचारायला मिळत नाही.

मोरी उघडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकच कप चहा केला. ओसरीवर बसलो आणि सुपावरचं फडकं काढलं. चिंच वाळून कडक झाली होती. वरवंटा हळू मारला. चिंचोके अख्खे निघाले. सगळी चिंच फोडून झाली, तेव्हा ऊन पायरीवर आलं होतं. ती चिंचेला मीठ लावून गोळे करायची आणि मडक्यात भरायची. मीठ किती, ते मला माहीत नव्हतं. अंदाजाने घातलं नाही. सूप उचललं आणि कुसुमला विचारायला गेलो.